महासागरातील विसावा : होर्ता बंदर

गोव्याहून मसाल्याचा माल भरून मायदेशी परतणारी पोर्तुगीज जहाजे प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात अझोर्स बेटांना थांबत. आफ्रिकेला वळसा घालून येईपर्यंत जहाजावरील गोडे पाणी संपत आलेले असे आणि अनेक खलाशी आजारी पडलेले असत. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीतून परतताना त्याचा भाऊ पावलो याचा १४९९ साली याच द्वीपसमूहातील तेर्सेरा बेटावर अंत झाला. लिस्बनच्या पश्चिमेस सुमारे दीड हजार किलोमीटरवर असलेल्या या नऊ बेटांचे ते जुने कार्य आजही थांबलेले नाही. आता तेथे लहान शिडाच्या नौका येतात आणि त्यांचा मुख्य मुक्काम फायाल बेटावरील होर्ता या गावी असतो. संपूर्ण बेटाची लोकसंख्या सुमारे चौदा हजार आहे.

वाऱ्यांनी ठरविलेला मार्ग

हिवाळा कॅरिबियन बेटांत घालविलेल्या नौका जूनमध्ये चक्रीवादळांचा ऋतू सुरू होण्यापूर्वी युरोपकडे निघतात. सरळ पूर्वेकडे जावे तर व्यापारी वारे समोरून येतात. म्हणून नौका प्रथम उत्तरेकडे चढतात आणि पश्चिमेकडून वाहणारे वारे गाठतात. या मार्गावर होर्ता हे स्वाभाविक थांब्याचे ठिकाण ठरते. बर्म्युडापासून ते सुमारे १८०० सागरी मैलांवर आहे. दोन ते तीन आठवडे केवळ पाणी पाहिलेल्या माणसांना प्रथम शेजारच्या पिको बेटाचे २३५१ मीटर उंचीचे शिखर दिसते.

किनाऱ्यावरील दिनक्रम

परदेशी बंदरात शिरताना नौकेवर पिवळे निशाण चढविण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. होर्तात नौका प्रथम स्वागत धक्क्याला लागते. सीमाशुल्क, पारपत्र तपासणी आणि बंदर व्यवस्थापन यांची कार्यालये तेथे एकत्र असल्याने थकलेल्या खलाशाला गावभर हिंडावे लागत नाही. त्यानंतर गोड्या पाण्याची आंघोळ, खारटलेल्या कपड्यांची धुलाई, ताजा पाव, भाजी आणि अखंड झोप यांना प्राधान्य मिळते.

विश्रांतीइतकेच महत्त्व दुरुस्तीला असते. डोलकाठीवर चढून तारा आणि दोर तपासले जातात, उसवलेली शिडे शिवून घेतली जातात, पाणी व इंधन भरले जाते. युरोपचा किनारा अद्याप सुमारे नऊशे सागरी मैल दूर असतो. धक्क्यावर दुर्लक्षिलेली एक झिजलेली कडी भर समुद्रात डोलकाठी गमावण्यास कारण होऊ शकते.

शरीरालाही सांभाळावे लागते. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी जोशुआ स्लोकम १८९५ च्या जुलैमध्ये येथे आला होता. बेटवासीयांनी त्याला प्रेमाने फळे दिली. निघाल्यावर आलुबुखार आणि चीज भरपूर खाल्ल्याने त्याच्या पोटात असह्य कळा आल्या आणि भ्रमिष्टावस्थेत पडून असताना नौका वादळात आपली आपणच चालत राहिली.

गर्दीच्या दिवसांत नौका एकीला एक बांधून ठेवतात. धक्क्यावर येण्यासाठी शेजाऱ्याच्या नौकेवरून जावे लागते आणि त्यातूनच ओळखी होतात. हवामानाचा अंदाज, सुटे भाग आणि अनुभव यांची देवघेव होते. निघण्यापूर्वी धक्क्याच्या भिंतीवर आपल्या नौकेचे चित्र रंगविले नाही तर पुढील प्रवासात संकट येते, अशी समजूत आहे. त्यामुळे देशोदेशींच्या नावांनी तेथील भिंती आणि जमीन भरून गेली आहे.

बंदराजवळ १९१८ पासून एकाच कुटुंबाने चालविलेले 'पीटर कॅफे स्पोर्ट' हे उपाहारगृह आहे. खलाशांच्या नावाने आलेली पत्रे ते येईपर्यंत सांभाळून ठेवण्याचे काम या कुटुंबाने वर्षानुवर्षे केले. कायमचा पत्ता नसलेल्या माणसांचा तो पत्ता ठरला. त्याच्या माडीवर देवमाशाच्या दातांवरील कोरीव कामाचे संग्रहालय आहे.

व्यवसाय गेले, पाहुणचार राहिला

होर्ताने अनेक व्यवसाय येताना आणि जाताना पाहिले. एकोणिसाव्या शतकात देवमाशांची शिकार करणारी अमेरिकन जहाजे येथे थांबत. १८९३ पासून समुद्राखालील तारायंत्राच्या केबलींचे हे केंद्र बनले. शेवटचे केबल कार्यालय १९६९ मध्ये बंद झाले. १९३९ पासून काही वर्षे पाण्यावर उतरणारी प्रवासी विमाने येथे येत. पुढे लांब पल्ल्याच्या विमानांना या थांब्याची गरज उरली नाही. बेटावरील कापेलिन्योस ज्वालामुखी १९५७-५८ मध्ये तेरा महिने धुमसत राहिला. शेते आणि घरे राखेखाली गेली व हजारो लोकांनी अमेरिकेची वाट धरली. १९८० च्या दशकात देवमाशांची शिकारही संपली.

अशा गावाने शिडाच्या नौकांसाठी १९८६ मध्ये खास धक्का, म्हणजेच मरिना, खुला केला. आज तेथे दरवर्षी हजाराहून अधिक नौका येतात. शिकार संपल्यावर देवमासे दाखविणाऱ्या होड्या सुरू झाल्या. समुद्रविज्ञानाचे शिक्षण व संशोधन यांनाही गावात स्थान मिळाले.

होर्ताची जागा वाऱ्यांनी ठरविली, परंतु तिचा लौकिक तेथील माणसांनी मिळविला. सुरक्षित धक्का, स्वच्छ पाणी, एका ठिकाणी होणारी कागदपत्रांची तपासणी, कुशल कारागीर आणि परक्याचे पत्र जपून ठेवणारा दुकानदार या सर्व साध्या गोष्टी आहेत. त्या वेळेवर आणि विश्वासाने मिळाल्या, की पाहुणा चार दिवसांसाठी येतो आणि आठ दिवस राहतो. किनाऱ्यावरील कोणत्याही लहान गावाने लक्षात ठेवावा असा हा अनुभव आहे.