त्यांची खंडणी, आमचा निधी

पक्षाच्या पैशावरून दोन कार्यकर्ते भांडू लागले की भांडण कुठे जाणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. एक म्हणतो, तुम्ही रोख्यांत हजारो कोटी घेतलेत. दुसरा विचारतो, तुमच्या सिमेंटचे काय झाले? दोघांच्या बोलण्यात तथ्य असते, म्हणून तर वाद मिटत नाही. मात्र ज्या गोष्टींवर दोघांचेही पक्ष एक झाले, त्या या वादात कधी निघत नाहीत. त्यांचा माग काढावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा वाद महाळुंगे पडवळलाही होतो, आणि तिथे तो जरा जास्तच बोचतो. हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला हा गिरणी कामगार काँग्रेसचा स्वयंसेवक होता. तेव्हा काँग्रेसची वर्गणी वर्षाला चार आणे असे. अर्थात नुसत्या चार आण्यांवर चळवळ चालली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी गांधीजींनी एक कोटी रुपये जमवले. त्यातला मोठा वाटा मुंबईचा होता आणि त्यात व्यापाऱ्यांचा पैसा भरपूर होता. अनेकांचे थोडे आणि थोड्यांचे अनेक, असे दोन झरे पहिल्यापासूनच आहेत. दुसरा झरा पहिल्याला कधी गिळतो, हा खरा प्रश्न.

तो प्रश्न न्यायालयात प्रथम ठळकपणे आला १९५७ साली, आपल्याच मुंबईत. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यात मनाई नसल्याने बदलाला परवानगी दिली, पण निकालपत्रात धोक्याची घंटाही वाजवली. कंपन्यांचा पैसा असा पक्षांकडे वाहू लागला तर लोकशाहीचाच गळा घोटला जाईल, तेव्हा संसदेने यात लक्ष घालावे, असा त्याचा आशय होता. पुढे १९६० मध्ये मर्यादा आली : वर्षाला २५ हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे पाच टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. त्या काळचा एक प्रसंग आज अद्भुत वाटेल. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी नेहरूंना सरळ पत्र लिहून कळवले की, काँग्रेसला आम्ही देतोच, आता स्वतंत्र पक्षालाही देणार आहोत. नेहरूंनीही तुम्हाला तसे करण्याची मुभा आहे, असे उत्तर दिले.

१९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घातली. उद्योगपतींचा पैसा स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाकडे वळू लागला होता, हे तिचे एक कारण सांगितले जाते. पैसा त्यामुळे थांबला नाही, फक्त पावतीविना फिरू लागला. त्याचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे अंतुले प्रकरण. सिमेंटवर तेव्हा नियंत्रण होते आणि बांधकामासाठी कोटा लागे. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला बिल्डर देणग्या देत आणि त्यांना सिमेंट मिळे. अरुण शौरी यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये हे उघड केले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुलेंना पद सोडावे लागले. कंपन्यांवरची बंदी १९८५ मध्ये उठली.

आता त्या भांडणातल्या दोन्ही कार्यकर्त्यांना अडचणीचा वाटेल असा भाग. वेदान्त ही इंग्लंडमध्ये नोंदलेली कंपनी. तिच्या ताब्यातल्या स्टरलाइट आणि सेसा गोवा या कंपन्यांनी काँग्रेस आणि भाजप दोघांनाही देणग्या दिल्या होत्या. परकीय पैसा पक्षांना घेता येत नाही, असा १९७६ चा कायदा. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०१४ रोजी, म्हणजे लोकसभेचा प्रचार ऐन रंगात असताना, दोन्ही पक्षांनी हा कायदा मोडल्याचा निकाल दिला आणि सहा महिन्यांत कारवाई करण्यास सांगितले. व्यासपीठावर एकमेकांची लक्तरे काढणारे दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात एकाच बाजूला उभे राहिले.

सरकार बदलले. २०१६ च्या वित्त कायद्यात 'परकीय स्रोत' या शब्दांची व्याख्या सैल करण्यात आली, तीही २०१० पासून मागे लागू होईल अशी. त्यानंतर दोन्ही पक्षांनी अपिले मागे घेतली. पण एक गोम राहिलीच : वादातल्या देणग्या जुन्या कायद्याच्या काळातल्या होत्या आणि नवी व्याख्या त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. मग २०१८ च्या वित्त विधेयकात ती तारीख ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली गेली. एका दुरुस्तीने बेचाळीस वर्षे धुऊन निघाली! मार्च २०१८ मध्ये लोकसभेत हे विधेयक गदारोळात, चर्चेविना संमत झाले. दुरुस्ती भाजपच्या सरकारने केली आणि तिचा लाभ काँग्रेसलाही झाला. प्रचारसभेत हा विषय काढायचा कुणी?

निवडणूक रोख्यांची गोष्ट ताजी आहे. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली, कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात दाखवण्याचे बंधनही गेले आणि २०१८ मध्ये रोखे आले. म्हणजे १९५७ मधल्या त्या भागधारकाला हरकत घ्यायला निदान माहिती तरी होती, २०१८ मधल्या भागधारकाला तीही नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोखे आणि कंपन्यांची ती अमर्याद मुभा दोन्ही घटनाबाह्य ठरवले. स्टेट बँकेकडून आकडे बाहेर आले. एप्रिल २०१९ पासूनच्या काळात भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला १,६०९ कोटी, काँग्रेसला १,४२१ कोटी. आपल्याकडच्या शिवसेनेला दीडशे कोटींहून अधिक, राष्ट्रवादीला सुमारे ३० कोटी. लगेच त्रैराशिके मांडली गेली. काँग्रेसने याला हप्तावसुली म्हटले, तर भाजपच्या नेत्यांनी खासदारांच्या संख्येशी भागाकार करून आपला वाटा उलट कमीच असल्याचे दाखवले. एका राज्यापुरता प्रभाव असलेल्या तृणमूलला काँग्रेसपेक्षा जास्त पैसा मिळाला; म्हणजे पैसा सत्तेच्या मागे जातो, मग ती दिल्लीतली असो वा कोलकात्यातली. रोखे न घेता त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेलेला मोठा पक्ष म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष. ते श्रेय त्याला द्यायलाच हवे.

पण त्याचीही एक बाजू आहे. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले : काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष. सवलतीत मिळणाऱ्या सरकारी जागा, प्राप्तिकरातली सूट, आकाशवाणी-दूरदर्शनवरचा फुकट वेळ हा सारा जनतेचाच पैसा, असे त्यामागचे कारण होते. ऑगस्टमध्ये तेव्हाच्या काँग्रेसप्रणीत सरकारने पक्षांना वगळणारे विधेयक लोकसभेत मांडले. ते संमत झाले नाही, आदेशही कायम राहिला. मार्च २०१५ मध्ये आयोगाने स्वतःच नोंदवले की, आदेश अंतिम आणि बंधनकारक आहे, सहापैकी एकाही पक्षाने तो पाळलेला नाही आणि तो पाळायला लावण्याचे साधन आयोगाकडे नाही.