फॉर्मच्या समासात

“आपणास श्वेतप्रदराचा त्रास आहे का?”

कल्याण पूर्वेला, नेतिवलीच्या टेकडीवर एका खोलीत मी हा प्रश्न वाचला. समोरची सून लसूण सोलत होती. मान वर न करताच ती “नाही” म्हणाली. मी चौकटीत खूण केली. त्या सकाळी त्या गल्लीत सगळीकडून “नाही”च येत होतं आणि आज फॉर्म लवकर संपतील म्हणून मी खुशीत होते. निघताना दारातल्या सासूबाईंनी विचारलं, “ते श्वेत की काय म्हणालीस, ते काय असतं गं?”

“अंगावरून पांढरं जातं का, असं विचारायचं होतं, मावशी.”

“मग तसं विचार ना! ते कुणाला जात नाही? कंबर मोडून येते नुसती.”

सुनेने लसणावरची नजर हलवली नाही. तिच्या फॉर्मवर “नाही”ची खूण होती. मी समासात पेन्सिलने लिहिलं, “शब्द कळला नाही. शिवाय सासू समोर.” सगळ्या घरांत पुन्हा जावं लागलं, तेही सासवा भाजीला गेल्या की.

मी डोंबिवलीची. आरोग्याच्या सर्व्हेत घरोघरी माहिती गोळा करते. आमच्यात दोन जाती आहेत. एक मोजणाऱ्यांची. त्यांना हजार घरं आणि टक्केवारी हवी. दुसरी ऐकणाऱ्यांची. त्या दहा बायकांशी दोन-दोन तास बोलतात आणि पानंच्या पानं उतरवून आणतात. पहिल्यांना दुसऱ्यांचं काम गप्पा वाटतं, दुसऱ्यांना पहिल्यांचं काम हिशेबनिशी. दोघींची कागदपत्रं एका टेबलावर मांडून एकमेकींशी ताडून पाहणं म्हणजे संमिश्र संशोधन. बोलायला सोपं आहे. बहुतेक अहवालांत मात्र आकड्यांचे तक्ते झाले की शेवटी एखाद्या बाईचं वाक्य चौकटीत टाकतात, लोणच्याच्या फोडीसारखं. त्याला ताडणं म्हणत नाहीत.

ताडून पाहिलं तर काय हाती लागतं, ते गडचिरोलीत दिसतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. तक्रार होती ५५ टक्के बायकांची, तपासल्यावर स्त्रीरोग निघाले ९२ टक्के बायकांमध्ये. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, असं धरून चाललेल्यांना हे उत्तर होतं. पण आकडा तिथे थांबतो. न बोललेल्या बायका का बोलल्या नाहीत, हे त्यात नाही. पांढरं जाण्याला बायका स्वतः काय समजतात, हे बंग दांपत्याने पुढे वेगळं ऐकून लिहिलं.

उलटा नमुना गोव्यातला. बार्देशातल्या हळदोणे भागात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला सुमारे अडीच हजार बायकांना हाच त्रास विचारला, जंतुसंसर्गाच्या चाचण्या केल्या आणि मनावरच्या ताणाचेही प्रश्न विचारले. तक्रारीचं नातं जंतूंपेक्षा मनाच्या ताणाशी जास्त घट्ट निघालं. बायकांनाही कारण विचारलं होतं, त्यांच्या उत्तरांतही ताण होताच.

म्हणजे गडचिरोलीत रोग होता आणि तक्रार पुष्कळदा नव्हती, हळदोण्यात तक्रार होती आणि जंतू पुष्कळदा नव्हते. नेतिवलीची बाई यातली कुठली? नुसत्या “हो” वरून गोळ्या द्यायच्या, तर एकीला नको ते औषध जाईल. “नाही” वरून सोडून द्यायचं, तर दुसरी तशीच राहील.

“नाही”मागची ही लाज जुनीच. कल्याणच्या जोशांची यमू, म्हणजे आपली डॉ. आनंदीबाई जोशी, अमेरिकेला जाण्याआधी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात सांगत होती की इथे हिंदू स्त्री डॉक्टर हव्यात. तिला त्यासाठी टक्केवारी लागली नाही. पण आज महापालिकेकडे स्त्रीरोगतज्ज्ञ वाढवून मागायला गेलं, की पहिला प्रश्न “किती जणी?” हाच येतो. आणि तो रास्त आहे. बोलक्या पाच जणी म्हणजे काही सगळं ठाणं नव्हे. गटचर्चेला बसवलं तर मोठ्या आवाजाची एक बाई बाकीच्यांची उत्तरंही देऊन मोकळी होते. म्हणून ठाण्यात किसननगरला आम्ही सुना आणि सासवा वेगवेगळ्या बसवल्या, तिथे काय शब्द वापरतात ते टिपलं आणि मगच फॉर्म छापायला दिला. श्वेतप्रदर त्यातून गेला. आधी ऐकून मग मोजायचं हा एक क्रम झाला. कधी आकडा विचित्र आला की उलट जावं लागतं, त्याच घरात परत, चहाला.

आता फॉर्म नाहीत, टॅब आहे. खूण केल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही. त्याला समास नाही, म्हणून पिशवीत मी अजून शंभर पानी वही ठेवते. परवा सुपरवायझर म्हणाला, “ताई, हे कुठे भरायचं?” मी वही त्याच्यापुढे सरकवली. लोकलगाडीत उभ्या उभ्या लिहिलेलं, दिवा स्टेशनपासून अक्षर तिरपं झालेलं. तो पान उलटत बराच वेळ वाचत बसला.