वोल्फ्सबुर्गहून पत्र : फिटरसाठी विद्यापीठाचं दार

चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्याचं उद्घाटन २००९च्या मार्चमध्ये झालं. त्याच महिन्यात इकडे जर्मनीत राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी मिळून एक ठराव केला. हाताचं काम शिकून पुढे ‘मायस्टर’ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा पास झालेल्याला विद्यापीठात कुठल्याही विषयाला अर्ज करता येईल, अबिटूर, म्हणजे इथली बारावी, नसली तरी. मायस्टर नसलेल्यालाही, किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि वर तीन वर्षांची नोकरी असेल, तर आपल्या कामाशी जुळणारा विषय घेता येतो. बऱ्याच ठिकाणी आधी पात्रता चाचणी असते.

याची गरज होती. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. दहा वर्षांचं पोर गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार की नाही, यात आईबाप किती शिकलेत याचा फार मोठा वाटा असतो. मला हे क्रूर वाटतं. २००९चा ठराव त्यावरचा अर्धाच उपाय आहे. या वाटेने येणारे नवे विद्यार्थी शंभरात तीनच्या आसपास. पण दार उघडं आहे, आणि फीचा धाक नाही. सर्वसाधारण शिक्षणशुल्क घेणारं शेवटचं राज्य वोल्फ्सबुर्गचंच, निडरझाक्सन. त्यानेही ते २०१४ मध्ये बंद केलं.

हे लिहिताना डोळ्यांपुढे दादा येतो. मोरवाडीच्या आयटीआयमधून फिटर होऊन तो चाकणला एका कंपनीत लागला. अकरा वर्षं प्रेस शॉपचा मेंटेनन्स. नव्या इंजिनिअरना मशीन समजावून देतो तोच. आपल्याकडेही वाट आहे: आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेच्या तुकड्यांनाही एआयसीटीईने २०२३ मध्ये वाट करून दिली, हे फार चांगलं झालं. पण नेहमीच्या केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) राउंडची यादी लागते ती मार्कांवर. प्रेस शॉपमधली अकरा वर्षं तिथे एका मार्काइतकीही भरत नाहीत.

२०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. जे कौशल्य आपण परदेशी पाठवायला निघालो, त्याची मोजदाद आधी आपल्या प्रवेशाच्या फॉर्मवर व्हायला हवी.

परवा दादाला मायस्टरचा अभ्यासक्रम मराठीत उतरवून पाठवला. थर्ड शिफ्ट सुटल्यावर त्याचा फोन आला. हायड्रॉलिक्सचं पान वाचून झालं होतं. म्हणाला, “अरे, हे तर मी रोज करतो.”