‘मला आवडतं’ स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं? आधी इंग्रजी बाजूला ठेवा

परांडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला जाऊन आलेला माणूस देवाबरोबर तिथल्या माकडांबद्दलही सांगतोच. समजा, तुम्हाला स्पॅनिशमध्ये म्हणायचंय, ‘मला सोनारीची माकडं आवडतात.’

वाक्य होईल : ‘मे गुस्तान लोस मोनोस दे सोनारी.’

‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्तान’ म्हणजे आवडतात, ‘लोस मोनोस’ म्हणजे माकडं आणि ‘दे सोनारी’ म्हणजे सोनारीची. एकच माकड आवडत असेल तर ‘मे गुस्ता एल मोनो’. आवडणारा ‘मी’ तोच, तरी क्रियापद बदललं. कारण ते माकडाच्या मागे चालतं, माझ्या नाही. मराठीतही अगदी असंच होतं : माकड आवडतं, माकडं आवडतात.

घोळ होतो तो इंग्रजी पुस्तकातून किंवा ॲपवरून शिकताना. ‘आय लाइक’ डोक्यात असतं, ‘यो’ म्हणजे मी हे पाठ झालेलं असतं, आणि तोंडून निघतं ‘यो गुस्तो’. त्याचा अर्थ होतो, ‘मी (कुणाला तरी) आवडतो’! इंग्रजी भाषकांना ही रचना उलटी वाटते म्हणून पुस्तकं त्यावर पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याला ती समजवावी लागतच नाही.

उलट इथे मराठीच जास्त अवघड आहे. आंबा आवडतो, पपई आवडते, केळं आवडतं. स्पॅनिशमध्ये तिन्हींना ‘गुस्ता’च. ‘वाचायला आवडतं’ हेही ‘मे गुस्ता लेएर’.

पण मराठीवर किती विसंबायचं, यालाही मर्यादा आहे. ‘मला आंबा आवडतो’ यात आंब्याआधी आपण काही लावत नाही. स्पॅनिशमध्ये ‘एल’ हवाच : ‘मे गुस्ता एल मांगो’. नकार आपण शेवटी आणतो, तिथे तो सुरुवातीलाच येतो : ‘नो मे गुस्ता’. आणि ‘माझ्या आईला आंबा आवडतो’ म्हणताना ‘आ मि माद्रे’ (माझ्या आईला) एवढ्यावर भागत नाही, पुढे ‘ले’ (तिला) पुन्हा लागतो : ‘आ मि माद्रे ले गुस्ता एल मांगो’. ‘आईला तिला आवडतो’ हे कानाला विचित्र वाटेल, पण मराठी माणूस नेमका हा ‘ले’च विसरतो.

आणखी एक. ‘मे गुस्तास’ म्हणजे ‘तू मला आवडतोस’ किंवा ‘आवडतेस’. मराठीत हे वाक्य कुणाला म्हणताना आपण जेवढे जपून असतो, तेवढंच तिथेही असावं लागतं. शिक्षकांचं शिकवणं आवडलं असेल तर सरळ ‘मे गुस्ता ला क्लासे’, म्हणजे ‘मला तास आवडतो’, असं म्हणावं.