टेबलावरची आगगाडी

पंचवटीच्या नांवाची आगगाडी 1975 सालापासून मनमाड व मुंबई यांच्या दरम्यान धांवत आहे. परंतु खुद्द पंचवटींत रूळ कधींच आले नाहींत. लोहमार्ग घालणाऱ्यांनीं नाशिक शहराला बगल दिली आणि स्टेशन आठ-नऊ किलोमीटर दूर, नाशिकरोडला ठेवलें. ती उणीव भरून काढण्यासाठीं 1889 सालीं स्टेशनापासून शहरांतील मेनरोडपर्यंत ट्राम सुरू झाली. आरंभीं तिचे दोन डबे चार घोडे ओढीत. तीही गोदावरीच्या उजव्या तीरावरच थांबे. नदी ओलांडून रामकुंडापलीकडे ती कधीं गेली नाहीं. 1930 नंतरच्या दोन-चार वर्षांत ती बंद पडली, आणि आज मेनरोडच्या गर्दींतून वाट काढणाऱ्या तरुणाला येथें एके काळीं ट्राम होती असें सांगितलें तर तो हंसण्याचाच संभव अधिक.

तेव्हां पंचवटींतल्या एखाद्या वाड्याच्या माडीवर रूळ यावयाचेच असतील, तर ते लाकडी फळीवर, बोटभर रुंदीचे असेच येणार. आगगाडीची हुबेहूब लहान प्रतिकृति करून ती चालविणें हा छंद युरोप-अमेरिकेंत शंभर वर्षांहून जुना आहे. त्याला खेळणें म्हणणें सोपें आहे, पण बरोबर नाहीं. खेळण्यांतली गाडी नुसती गोल फिरते. प्रतिकृतींतली गाडी कोठून तरी निघून कोठें तरी जाते. तिला वेळापत्रक असतें, समोरून येणाऱ्या गाडीसाठीं ती थांबते, आणि सिग्नलाचा हात पडल्याखेरीज पुढें सरकत नाहीं.

या छंदांतला पहिला प्रश्न मापाचा. सर्वांत रूढ प्रमाण 1:87 हें आहे. म्हणजे खऱ्या वस्तूचे 87 सेंटिमीटर तेथें 1 सेंटिमीटर होतात. त्याच्या रुळांमधील अंतर 16.5 मिलिमीटर असतें, कारण तें युरोपांतील 1435 मिलिमीटरांच्या लोहमार्गावरून ठरलें. आपला रुंद मार्ग 1676 मिलिमीटरांचा. त्याला 87 नें भागलें तर 19 मिलिमीटरांहून थोडें अधिक येतें. म्हणून बाजारांतल्या तयार रुळांवर हिंदुस्थानी इंजिन ठेवलें कीं जाणत्याच्या डोळ्याला तें अरुंद चपला घातलेल्या पहिलवानासारखें दिसतें. येथील बहुतेक छांदिष्ट ही तडजोड पत्करतात व पुठ्ठा, प्लास्टिकचा पत्रा आणि रंग यांनीं वरचें अंग मात्र अस्सल करतात. कांहीं हट्टी माणसें रूळही स्वतः जोडतात. त्यांच्या सहनशीलतेला नमस्कारच केला पाहिजे.

दुसरा प्रश्न विजेचा. साध्या पद्धतींत 12 व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह दोन्ही रुळांतून जातो. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकांवाटे तो इंजिनाच्या मोटरींत शिरतो. दाब वाढविला कीं वेग वाढतो, प्रवाहाची दिशा उलटी केली कीं गाडी मागें येते. आतां गंमत अशी कीं, जाणाऱ्या गाडीला वळसा देऊन त्याच मार्गावर परत आणावें असें नवशिक्याला हटकून वाटतें. तो वळसा घालतो, आणि डावा रूळ फिरून उजव्या रुळाला येऊन मिळतो. तत्क्षणीं धन व ऋण एकत्र होऊन सारा कारभार ठप्प होतो. उपाय सोपा आहे: वळशाच्या दोन्ही टोकांना रुळांत फट ठेवून तेवढ्या भागाला निराळें बटण द्यावयाचें. पण पहिल्यानें ठेंच खाल्ल्यावांचून तो फारसा कोणाला सुचत नाहीं. जर्मनीच्या मर्क्लिन कंपनीच्या प्रचलित गाड्या मधल्या टोंकांतून वीज घेतात व दोन्ही रूळ एकाच बाजूचे असतात, त्यामुळें त्यांना ही अडचण येत नाहीं.

ठेंच खाल्लेला दुसरा माणूस जवळ असला तर एक महिन्याचें काम एका संध्याकाळीं होतें. या छंदांत मित्रमंडळाचें महत्त्व येथूनच सुरू होतें. कसाऱ्याचा घाट घ्या. 1865 सालीं उघडलेल्या या घाटाचा चढ 37 फुटांत 1 फूट इतका आहे. प्रतिकृतींत एका रुळावरून दुसरा रूळ न्यावयाचा तर साधारण 8 सेंटिमीटर उंची लागते, आणि त्याच चढानें तेवढें वर जाण्यास सुमारें 3 मीटर लांबीची फळी हवी. जागा झाली, चढ झाला, तरी घाट झाला असें नव्हे. खऱ्या कसाऱ्याला गाडीच्या मागें ढकलणारीं इंजिनें जोडतात व इगतपुरीला तीं सोडवितात. हें घडवून आणावयाचें तर पुढच्या इंजिनावर एक, मागच्यावर एक आणि स्टेशनमास्तर म्हणून एक, अशीं तीन माणसें लागतात. पूर्वी एका रुळावरच्या साऱ्या इंजिनांना एकच प्रवाह मिळत असल्यामुळें तें जड जाई. 1990 नंतर अंकीय नियंत्रण रूढ झालें. त्यांत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो व त्याच्या नांवें आलेलीच आज्ञा तें पाळतें. मागच्यानें फार जोर लावला तर मधल्या वाघिणी रुळावरून उतरतात, आणि दोष कोणाचा याची चर्चा चहा निवेपर्यंत चालते.

लंडनमध्यें अशा छांदिष्टांचें मंडळ 1910 सालापासून आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत 1946 सालीं विद्यार्थ्यांनीं असें मंडळ काढलें. टेलिफोनचे भाग वापरून रुळांचे सांधे हलवितां हलवितां त्यांतले कित्येक पुढें संगणकाच्या आद्य कारागिरांत जाऊन बसले. 1973 च्या सुमारास कॅलिफोर्नियांतून एक फार उपयोगी युक्ति पसरली. प्रत्येक सभासदानें घरीं ठराविक मापाचा एकच तुकडा करावयाचा. आंत हवें तें असावें, पण दोन्ही टोकांचे रूळ ठरल्या जागींच असावेत. एकत्र जमले कीं तुकडे जोडून लांबच लांब मार्ग होतो. पंचवटी, भद्रकाली, नाशिकरोड, देवळाली अशा चार घरांत चार फळ्या तयार होऊं शकतात, आणि कोणाच्याहि घरांतली खोली अडून राहत नाहीं. गृहिणींच्या दृष्टीनें हा मुद्दा अगदींच क्षुल्लक नाहीं.

आपल्याकडे या छंदाचें पाहण्याजोगें स्थान म्हणजे पुण्याच्या कोथरुडमधील जोशी यांचें लघु रेल्वे संग्रहालय. बी. एस. जोशी यांनीं आयुष्यभर जमविलेल्या व घडविलेल्या गाड्यांतून तें 1998 सालीं उभें राहिलें. तेथें एका शहरांतून अनेक गाड्या एकाच वेळीं फिरतात, दिवस मावळतो, दिवे लागतात, आणि मुलांपेक्षां आजोबाच अधिक वेळ कठड्याला टेकून राहतात. त्याचें खरें मोल आणखी निराळें आहे. असे संग्रह पुष्कळदां मालकाबरोबरच संपतात. कोणती तार कोठें जाते हें त्याच्या एकट्याच्याच डोक्यांत असतें. मागें राहिलेल्यांना तो पसारा वाटतो व तो रद्दींत जातो. जेथें तारांचा नकाशा काढलेला असतो आणि तो वाचूं शकणारीं चार माणसें असतात, तेथेंच मार्ग चालू राहतो. जोशी यांच्या घरच्यांनीं तो चालू ठेवला.

पंचवटींतल्या माणसाला आणखी एक शत्रु आहे, तो पावसाळा. श्रावणांत फळी फुगते, सांधे वर येतात, पितळी रुळांवर काळपट थर चढून गाडी जागोजाग अडते. फळीला दोन्ही अंगांनीं रंग द्यावा, निकेलमिश्रित रूळ घ्यावेत, आणि गाडी चालविण्यापूर्वी स्पिरिटच्या फडक्यानें ते पुसावेत.

आणि विषय शोधावयास दूर जाण्याची गरज नाहीं. नाशिकच्या ट्रामच्या रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर होतें. तिच्या कामांत सल्ला देणारे अभियंते कॅलथ्रॉप यांनींच पुढें त्याच मापाची बार्शी लाइट रेल्वे बांधली. 762 ला 87 नें भागलें तर 8.76 येतात, आणि 1:160 प्रमाणाच्या गाड्यांसाठीं बाजारांत मिळणारे रूळ 9 मिलिमीटरांचे असतात! रुंद मार्गाला जें सुख मिळत नाहीं, तें या विसरलेल्या ट्रामला आपोआप मिळतें. सबंध मार्ग मात्र घेतां येणार नाहीं; 8 किलोमीटरांचे 87 व्या हिश्शानें 92 मीटर होतात. स्टेशनाबाहेरचें टोक व मेनरोडचें टोक एवढीं दोन घेतलीं तरी पुरे. घोडे पावणेदोन-दोन सेंटिमीटर उंचीचे होतील. त्यांचे पाय हलणार नाहींत, म्हणून मोटर मागच्या डब्यांत बांकांखालीं लपवावी, आणि लगामासाठीं काळा शिवणाचा दोरा वापरावा. रेशमी दोरा चकाकतो.