काहीही होऊ शकणाऱ्या पेशी

फलनानंतर पाच-सहा दिवसांचा मानवी भ्रूण जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो. त्याच्या आत पेशींचा एक पुंजका असतो. हृदय, मेंदू, हाडं, सारं शरीर त्यातूनच घडायचं असतं, पण कोणत्या पेशीचं काय होणार हे अजून ठरलेलं नसतं. हा पुंजका काढून काचपात्रात वाढवला, तर त्या पेशी वर्षानुवर्षं तशाच न ठरलेल्या अवस्थेत विभागत राहतात! १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणावर हे प्रथम साधलं. त्यासाठी भ्रूण मोडावा लागतो, आणि त्यावरचा वाद आजही शमलेला नाही.

हे काम आपल्याकडेही झालं. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या चमूने किंड-१ आणि किंड-२ हे दोन पेशीवंश तयार केले. शोधनिबंध २००९ चा. पूर्वी अशा पेशी उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवत आणि प्राण्यांचे रेणू त्यांच्यात शिरत. परळला हा थरही मानवी पेशींचाच होता. पुढे किंड-१ ला स्वादुपिंडाच्या वाटेवर नेण्याचे प्रयोगही तिथे झाले.

मला सर्वांत थक्क करते ती या पेशींची परीक्षा. पेशी अस्सल आहेत का हे पाहायला त्या उंदराला टोचतात. टेराटोमा नावाची गाठ झाली आणि तिच्यात कूर्चा, मज्जापेशी, आतड्याचं अस्तर असं सगळं एकत्र सापडलं, की पेशी उत्तीर्ण! माणसाच्या शरीरात मात्र हीच गाठ नको असते. म्हणून उपचारापूर्वी प्रत्येक पेशीला एका कामाला लावावं लागतं. कोट्यवधींमधल्या थोड्या जरी अनिश्चित राहिल्या, तरी धोका उरतो.

एवढं साधलं तरी शरीर त्या पेशींना परकंच मानतं. २०२५ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या १२ रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भ्रूणपेशींपासून घडवलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी यकृतात जाणाऱ्या शिरेतून सोडल्या होत्या. वर्षभरानं १० जणांना इन्सुलिन टोचावं लागत नव्हतं. केवढी मोठी गोष्ट! पण त्या पेशी टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात, आणि त्यांच्यामुळे साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. एखाद्या शाळकरी मुलाची इन्सुलिनची सुई सोडवून त्याला ही औषधं द्यावीत, असं आज कोणताही जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही. त्या औषधांवाचून पेशी कशा टिकतील, यावर आता प्रयोगशाळा झटत आहेत.