नॅनोशिक्षणाचे एक तप

नवे शास्त्र प्रयोगशाळेतून बाहेर पडून सर्वसामान्यांच्या ओळखीचे होण्यास सहसा एक-दोन पिढ्या जाव्या लागतात. अमेरिकेत नॅनोतंत्रज्ञानाच्या बाबतीत मात्र ही ओळख करून देण्याचे काम संशोधनाच्या बरोबरीनेच हाती घेतले गेले, आणि २००४ ते २०१६ या तपभराच्या काळात शाळा, महाविद्यालये आणि विज्ञान संग्रहालये यांच्यामार्फत ते मोठ्या चिकाटीने चालवले गेले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग, म्हणून या विषयाला मराठीत अब्जांश तंत्रज्ञान असेही म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते, तर डीएनएच्या रेणूची रुंदी जेमतेम २ नॅनोमीटर असते. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर या पल्ल्यात पदार्थाचा रंग, वितळणबिंदू, रासायनिक क्रियाशीलता असे गुणधर्मच पालटतात, आणि पिवळेधमक सोने अशा कणांच्या रूपात पाण्यात विखुरले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते. डोळ्यांना आणि साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारी ही सृष्टी शिकवायची कशी, हा या तपभराच्या प्रयत्नांमागचा खरा प्रश्न होता.

जानेवारी २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान उपक्रमाची घोषणा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत केली. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ च्या डिसेंबरात अणूंची एकेक करून मांडणी करण्याची कल्पना मांडली होती, ती याच संस्थेत. या उपक्रमात शिक्षणाला जागा मिळण्यामागे दोन कारणे होती. पहिले उघड होते: नव्या उद्योगाला कुशल माणसे हवी होती. दुसरे भीतीचे होते. जनुकीय बदल केलेल्या पिकांना युरोपात झालेला विरोध ताजा होता, स्वतःची संख्या वाढवत सुटणाऱ्या सूक्ष्म यंत्रांच्या कल्पना पुस्तकांतून पसरल्या होत्या, आणि लोकांना आधी सांगितले नाही तर हेही शास्त्र संशयाच्या भोवऱ्यात सापडेल, असे धोरणकर्त्यांना वाटत होते. डिसेंबर २००३ मध्ये झालेल्या नॅनोतंत्रज्ञानविषयक कायद्याने नागरिकांच्या चर्चामंडळांसारख्या मार्गांनी लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद केली. लोकांना समजावून सांगणे आणि लोकांचे ऐकून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढील काळात पहिली चांगली साधली, दुसरी अर्धीमुर्धीच.

शाळांच्या आघाडीवर २००४ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नॅनोविज्ञानाच्या अध्ययन-अध्यापनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली विद्यापीठीय प्रयोगशाळांचे एक जाळे उभे राहिले आणि त्याने आपली महागडी उपकरणे संशोधकांप्रमाणेच शिक्षकांच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठीही खुली केली. शाळेत नेमके काय शिकवावे यावर बराच खल होऊन २००९ मध्ये नऊ मूलभूत संकल्पनांची मांडणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आकार आणि प्रमाण, द्रव्याची रचना, बले, आकारानुसार बदलणारे गुणधर्म, घटकांनी आपणहून रचना धारण करणे म्हणजे स्वयंजुळणी, अशा त्या संकल्पना होत्या. मांडणी भक्कम होती, पण नॅनोविज्ञान भौतिकशास्त्राचे, रसायनशास्त्राचे की जीवशास्त्राचे, याचे उत्तर वेळापत्रकात कोठेच नव्हते, आणि भरगच्च अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धांदलीत असलेल्या शिक्षकाला हा विषय वरचा बोजाच वाटणे स्वाभाविक होते. २०१३ मध्ये आलेल्या नव्या विज्ञानशिक्षण मानकांत नॅनोविज्ञानाला स्वतंत्र प्रकरण मिळाले नाही, तरी प्रमाण आणि परिमाण ही सर्व विज्ञानशाखांना छेदून जाणारी संकल्पना म्हणून त्यांत आली. तंत्रज्ञ घडवण्याचे काम तुलनेने सरळ होते. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने १९९८ पासूनच दोन वर्षांच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी आपल्या धूळमुक्त प्रयोगशाळेत आणण्याची पद्धत घातली होती, आणि पुढे दूरच्या वर्गात बसून विद्यापीठातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक संगणकावरून चालवण्याची सोयही तेथे झाली.

या साऱ्या काळातील सर्वांत समृद्ध काम मात्र शाळेबाहेर झाले. २००५ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनने दोन कोटी डॉलरचे अनुदान देऊन विज्ञान संग्रहालयांचे एक जाळे उभारले, ते त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून नाइस नेट या नावाने ओळखले जाते. बोस्टनचे म्यूझियम ऑफ सायन्स, सेंट पॉलचे सायन्स म्यूझियम ऑफ मिनेसोटा आणि सॅन फ्रान्सिस्कोचे एक्स्प्लोरेटोरियम या तीन संस्थांकडे त्याची धुरा होती. मोजक्या शहरांत भव्य दालने उभारण्यापेक्षा लहान गावांतील बालसंग्रहालयालाही पेलेल असे साहित्य पेटीत भरून पाठवावे, हा या जाळ्याचा निर्णय सर्वांत शहाणपणाचा ठरला. २००८ च्या वसंतापासून दरवर्षी नॅनोडेज हा सप्ताह साजरा होऊ लागला. पहिल्याच वर्षी तो शंभरावर ठिकाणी झाला, आणि पुढील वर्षांत दोनशेहून अधिक पेट्या देशभर जाऊ लागल्या. पेटी संग्रहालयात उघडली जाई, पण टेबलामागे बहुधा जवळच्या विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी उभा राही. आपले काम आठ वर्षांच्या मुलाला सांगण्याची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच येत असे, आणि हे शिक्षण त्याच्याही वाट्याला आले, ही या योजनेची मोठी जमेची बाजू.

या पेटीतील एक प्रयोग जवळून पाहण्याजोगा आहे. टेबलावर दोन कप असतात, एक नेहमीचा आणि एक बाहुलीच्या खेळातला, बोटाच्या पेराएवढा. दोन्हींत पाणी भरायचे आणि दोन्ही उलटे करायचे. मोठ्या कपातील पाणी भसकन खाली येते, पण चिमुकल्या कपातील पाणी उलट्या कपालाच चिकटून राहते. मूल कप हलवून पाहते, पुन्हा भरते, पुन्हा उलटा करते, आणि पाणी काही पडत नाही. कारण असे की कप दहापट लहान केला की त्यातील पाण्याचे वजन हजारपट घटते, पण काठाशी पाणी धरून ठेवणारा पृष्ठताण केवळ दहापट घटतो. म्हणून लहान आकाराला गुरुत्वाकर्षणाचे राज्य संपून पृष्ठभागाच्या बलांचे सुरू होते. हा कप काही नॅनो आकाराचा नाही, आणि हा फरक सांगायचा राहिला तर मुलाची समजूत चुकीची होण्याचा धोका असतोच. तरीही आकार बदलला की वागणूक बदलते ही विषयाची गुरुकिल्ली इतक्या थोड्या साहित्यात हाती देणारा दुसरा प्रयोग सापडणे कठीण आहे. फुग्यात व्हॅनिलाचा अर्क घालून तो फुगवला की रबराच्या भिंतीतून वास बाहेर येतो, तेव्हा अदृश्य रेणूंचे अस्तित्व नाकाला पटते. काळ्या कागदाची पट्टी पाण्यात बुडवून पाण्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब सोडला आणि पट्टी वर उचलली, की काही शे नॅनोमीटर जाडीच्या थरावर इंद्रधनुष्य उमटते. पेट्यांच्या जोडीला सुमारे ४०० चौरस फुटांत मावणारे एक छोटे फिरते प्रदर्शन तयार झाले आणि त्याच्या नव्वदहून अधिक प्रती इंग्रजी-स्पॅनिश फलकांसह वाटल्या गेल्या.

लोकांचे ऐकण्याचे काम एवढे फळले नाही. काही संग्रहालयांनी प्रौढांसाठी चर्चासभा भरवल्या, त्यांत सूक्ष्मकणांची सुरक्षितता, खासगीपणा, लाभाची वाटणी अशा प्रश्नांवर गटागटाने बोलणे होई. पण तेथे निघालेली मते धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचवणारी वाट कधी पक्की बांधली गेली नाही. त्याच दशकात झालेल्या राष्ट्रीय जनमत चाचण्यांत दहापैकी सुमारे चार प्रौढ नागरिक नॅनोतंत्रज्ञानाविषयी काहीच ऐकले नसल्याचे सांगत. संग्रहालयात पाऊल न टाकणाऱ्यांपर्यंत ही पेटी पोहोचत नव्हती, हे त्यावरून दिसते.

भारतात याच काळात वाट वेगळी होती. २००१ मधील पुढाकारानंतर २००७ मध्ये केंद्र शासनाने पाच वर्षांसाठी १ हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन सुरू केले, आणि २००८ पासून मुंबईचे आयआयटी व बंगळूरचे भारतीय विज्ञान संस्थान यांनी आपल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा बाहेरील महाविद्यालयांच्या संशोधकांना प्रत्यक्ष हाताळणीसाठी खुल्या केल्या. लहान शहरातील प्राध्यापकाला धूळमुक्त प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काम करता येणे ही फार मोलाची गोष्ट होती. मात्र भर संशोधकांवर राहिला, आणि त्याच वर्षी दाखवल्या गेलेल्या एका लहान मोटारीमुळे 'नॅनो' हा शब्द बहुतेक मराठी घरांत विज्ञानाऐवजी वाहनाच्या वाटेने शिरला.

२०१५ मध्ये शेवटचा नॅनोडेज सप्ताह झाला. २०१६ मध्ये नाइस नेटने आपली आद्याक्षरे तशीच ठेवून पूर्ण नाव बदलले, त्यातून नॅनो हा शब्द गळला आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित हे सारेच क्षेत्र त्याच्या कक्षेत आले. नासाच्या साह्याने पृथ्वी व अवकाशाच्या, आणि पुढे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या साह्याने रसायनशास्त्राच्या पेट्या त्याच वाटेने जाऊ लागल्या. जुन्या नॅनोप्रयोगांची कृतिपत्रके साहित्याच्या याद्यांसह सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. उलट्या कपाच्या प्रयोगाला लागणारे साहित्य पाणी, एक ताट, एक मोठा कप आणि एक चिमुकला कप एवढेच असून, त्यातील चिमुकला कप मराठी घरातील भातुकलीत हमखास सापडतो.